घड्या मोडू नका, असं बजावणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

जुन्या अमेरिकन व्यापारी पत्रांचा गठ्ठा हाती आला की पहिल्या तासातच त्याची वाट लागते. तिकिटं सोलली जातात, पाकिटं पत्रांपासून वेगळी होतात, घड्यांवर इस्त्री फिरते. तुम्ही आम्हाला वेळेवर थांबवलंत आणि फिलाडेल्फियाहून एकेका कागदाबद्दल सविस्तर लिहीत राहिलात. त्याचे हे जाहीर आभार.

'मजकूर नंतर, आधी पाठ' हा तुमचा हट्ट सगळ्यात कामी आला. पेढीवर आलेलं पत्र अरुंद पट्टीसारखं दुमडून खणात ठेवत. बाहेरच्या बाजूला कारकून पाठवणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि कधीकधी उत्तर कधी दिलं तेही लिही. आतला कोपरा फाटला तरी ही नोंद शाबूत असते; घडी सपाट करून त्या बाजूला चिकटपट्टी लावली की संपलं.

कोपऱ्यातला '१८¾' तर कित्येकांना हिशेबाचा आकडा वाटतो. तो टपालखर्च, सेंटमध्ये: एक पान, १५० ते ४०० मैल, काळ १८२५ ते जून १८४५. असा विचित्र दर, कारण तेव्हा बाजारात स्पॅनिश रियाल चालत. रियाल साडेबारा सेंटचा, त्याची ही दीडपट. १ जुलै १८४५ पासून पानांऐवजी वजन मोजू लागले: अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १०. पण नुसता '५' पाहून १८५१ च्या आधीचं पत्र म्हणू नका, हेही तुमचंच. जुलै १८५१ पासून ३,००० मैलांपर्यंत आगाऊ भरले तर ३ आणि न भरले तर ५ असा दर होता. आपल्या मुंबईतून अमेरिकन मराठी मिशनची पत्रं जहाजाने बोस्टनला जात. जहाज लागलं त्याच बंदरात वाटायच्या पत्राला ६ सेंट पडत, हा तपशीलही तुमच्यामुळे वाचता आला.

पावत्यांवरच्या महसुली तिकिटांना आम्ही आता हात लावत नाही. २० डॉलरवरच्या पावतीला २ सेंटचं तिकीट १ ऑगस्ट १८६४ पासून १ ऑक्टोबर १८७० पर्यंत लागे. त्यावर हाताने आद्याक्षरं आणि तारीख घालत. म्हणजे तिकीट गेलं की पुरावाही गेला.

शाईबद्दलचा इशारा मात्र सगळ्यांनी ऐकावा असा. पेढीची नक्कल ठेवायला पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबयंत्रात दाबत, त्यासाठी शाई पाण्यात सुटणारीच लागे. घडी सैल करायला वाफ दिली की अक्षरं पसरतात. हिराकस आणि मायफळाची शाई वेगळाच त्रास देते, ती कागदच खाते. ओल लागली तर आणखी जोरात. शंका असेल तर कोरडंच ठेवायचं, वजनाखाली, हळूहळू. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिएस्टरची चालतात. नोंदी पेन्सिलने, त्याही वेगळ्या कागदावर.

'व्हीलिंग, व्हर्जिनिया' असं छापलेल्या बिलांबद्दल तुम्ही विचारलं होतंत. व्हीलिंग ज्यात येतं ते वेस्ट व्हर्जिनिया २० जून १८६३ ला व्हर्जिनियापासून वेगळं झालं, तरी दुकानदार उरलेले छापील कागद संपेपर्यंत वापरत, त्यामुळे तारीख शाईतलीच धरतो आहोत. दोन्ही बाजूंचे स्कॅन पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

जुनी टपालं जमवणारे आम्ही सगळे