पाच भाकरी, दोन मासळ्या आणि एक चॉकलेट

वसई, सोमवार

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा फोन आला तेव्हा मी वाडीत होतो, पंप चालू होता, त्यामुळे निम्मं ऐकूच आलं नाही. एवढं कळलं की पुण्याच्या नव्या पॅरिशच्या चर्चमध्ये फादरांनी दुसरीतली पोरं धर्मशिक्षणासाठी तुझ्या गळ्यात बांधलीत आणि पहिलाच धडा पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा आहे, म्हणजे येशूने एका मुलाच्या तेवढ्याशा शिदोरीवर पाच हजारांना जेवू घातलं, तो. "वाटून खावं हे शिकवायचंय, तुझा अनुभव सांग," म्हणालास. अनुभव आहे, पण मिरवण्यासारखा नाही. फोनवर सांगताना मी तो सोयीस्कर गाळला असता, म्हणून लिहायला बसलो.

चार-पाच पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी आठचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की हॉलमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ओरडून शिकवावं लागत होतं. अर्धी गोष्ट सांगून झाली आणि मला हुक्की आली, की हे प्रत्यक्षच करून दाखवू. पहिल्या बाकावर एक मुलगी चॉकलेट घेऊन बसली होती. उघडलेलं नव्हतं, नुसतं दोन्ही हातांत धरलेलं. "आण बघू इकडे," म्हणालो. तिने दिलं. सरांना नाही कोण म्हणणार? मी त्याचे अठ्ठावीस तुकडे करायला बसलो. नखाएवढे तुकडे झाले, काहींचा तर नुसता चुराच. पोरं खूश, मीही खूश. तिच्या वाट्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला तेव्हा तिने तो खाल्ला नाही. मूठ मिटून बसली. मूठ उघडली तेव्हा तळहात तपकिरी झाला होता आणि डोळ्यांतून धार लागली होती. चॉकलेट काही वाढदिवसाचं वगैरे नव्हतं रे. साधं दहा रुपयांचं. तिचं होतं, एवढंच.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक कार्टा उठला. "सर, त्या मुलाच्या भाकरीपण न विचारताच घेतल्या होत्या का?"

मला उत्तर देता आलं नाही. घंटा झाल्यावर सुटलो.

घरी येऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, सहावा अध्याय काढला. इतकी वर्षं शिकवतोय, पण तो मुलगा मी नीट वाचलाच नव्हता. पुनरुत्थान सोडलं तर चारही शुभवर्तमानांत असलेला हा एकच चमत्कार. आणि तो मुलगा मात्र एकट्या योहानाकडेच. मत्तय, मार्क, लूक यांच्याकडे भाकरी आहेत, मासे आहेत, मुलगा नाही. आणि योहानही किती सांगतो? येशूचा शिष्य अंद्रिया म्हणतो, इथे एक मुलगा आहे, त्याच्याकडे जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत, पण एवढ्या लोकांना त्या कुठे पुरणार? बस्स. मुलाला विचारलं, त्याने आपणहून दिल्या, तो हसला, यातलं काहीही लिहिलेलं नाही. पोर अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. तो हसरा, हात पुढे करून "घ्या प्रभू" म्हणणारा मुलगा आपल्या चित्रांतला आणि वार्षिक संमेलनांतला.

आता यावर मी फार तत्त्वज्ञान झाडत नाही. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. आपण मोठी माणसं लहानांना वाटायला शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या हातातलं काढून घेतो आणि वर शाबासकी देतो. मोठ्याच्या हातून झालं की त्याला वाटणं म्हणायचं. तेच थोरल्या भावाने केलं की हिसकावणं, आणि त्याच्या पाठीत धपाटा.

पुढच्या रविवारी तसंच चॉकलेट घेऊन गेलो आणि अख्ख्या वर्गासमोर तिला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं, मी तुला विचारलं नाही." तिने ते घेतलं, पर्समध्ये टाकलं, चेन लावली. कुणालाही दिलं नाही. बरं झालं.

तेव्हापासून मी हा धडा वेगळा घेतो. तुला उपयोगी पडेल तेवढं उचल.

सुरुवात दुसऱ्या शिष्याच्या, फिलिपच्या, हिशेबापासून कर, पोरांना पैशाची भाषा चटकन कळते. तो म्हणतो, दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाला थोडं थोडंसुद्धा मिळणार नाही. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, मत्तयाने दिलेल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत मजुरांना तेवढीच ठरली होती. म्हणजे बाबा दोनशे दिवस कामाला गेले, घरात एक पैसा खर्च केला नाही, सगळ्याचं खायला आणलं, तरी घासभरच. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता पसरते. मग भाकरी काढायच्या.

मग पंगत. मार्क सांगतो, लोक हिरव्या गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नास करून बसले. तिथे त्याने जो ग्रीक शब्द वापरलाय त्याचा मूळ अर्थ काय, माहितेय? वाफे. भाजीचे वाफे! आपल्या सेमिनरीतल्या फादरांनी एकदा सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलोच. माझा बाप आयुष्यभर पालकाचे वाफे पाडत आला आणि मला कुणी हे आधी सांगितलं नाही. रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं, हिरव्या गवतावर, ओळीने, वाफ्यांसारखी. पोरांना सहा-सहाच्या वाफ्यांत जमिनीवर बसव. पुण्यातल्या पोरांनी वाफा पाहिला नसेल तर कुंड्या म्हण, पण बसव खालीच. बाकांवर बसून पंगत होत नाही.

मासळीचं सांगतो. योहानाचा शब्द भाकरीबरोबर तोंडी लावायच्या मासळीचा आहे. हे सगळं घडलं त्या गालील सरोवराच्या काठी मासे खारवायचा धंदा मोठा, तिथल्या मग्दाला गावाचं ग्रीक नावच त्या खारवण्यावरून पडलेलं. म्हणजे त्या पोराकडे ताजी पापलेटं नव्हती, बहुधा खारवलेलीच काहीतरी असणार. आणि भाकरी जवाची, म्हणजे गरिबाघरची, गव्हाची परवडत नाही म्हणून केलेली. आपल्याकडचं म्हणशील तर तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील. अर्नाळ्याला वलांडीवर वाळत घातलेले बोंबील पाहिलेल्या पोराला हे एका फटक्यात कळतं. डबा कसला रे तो, आईने फडक्यात बांधून दिलेली शिदोरी.

आणि हे विसरू नकोस: शेवटी त्या मुलालाही मिळालं का, हे पोरं विचारतात. विचारतातच. तिथे ठामपणे सांग, की लिहिलंय, बसलेल्यांना हवं तेवढं मिळालं. त्यात तोही आला. त्याच्याकडे आधी पाच होत्या, तो पाच खाऊ शकला असता, हवं तर सहा. हे ऐकल्यावर पोरांचे खांदे खाली येतात, मी पाहिलंय. वाटलं की आपलं संपतं, ही त्यांची खरी भीती असते, आणि आपण तिच्यावरून प्रवचनाचा रोलर फिरवतो.

एक खोड मात्र लावून घेऊ नकोस. काहीजण सांगतात की चमत्कार वगैरे काही नव्हता. लोकांनी पदराआड भाकरी लपवल्या होत्या, त्या मुलाला पाहून लाजले आणि बाहेर काढल्या. मीही दोन वर्षं हेच सांगितलं, आधुनिक वाटायचं. मग एका चिमुरडीने विचारलं, "मग येशूने काय केलं?" खरंच, काय केलं? शिष्य तर म्हणत होते, यांना गावांत पाठवा, विकत घेऊन खातील. आणि जेवण झाल्यावर लोक त्याला धरून राजा करायला निघाले. स्वतःचाच डबा उघडून खाल्ल्यावर कोण कुणाला राजा करतं? ते सोडून दिलं मी. वाटणं महत्त्वाचं खरं, पण त्यासाठी येशूला बाजूला बसवायची गरज नाही.

तुझी पोरं पुढच्या वर्षी पहिल्या कम्युनियनला, म्हणजे वेदीवरची भाकर पहिल्यांदा घ्यायला, बसतील, तेव्हा चार क्रिया हातांनी करून घे: घेतली, आभार मानले, मोडली, दिली. मिस्सामध्ये फादर वेदीवर काय करतात ते त्यांना आपोआप दिसायला लागतं. आणि पवित्र भूमीच्या यात्रेहून तू मला ताबघाच्या, हा चमत्कार जिथे झाला असं मानतात तिथल्या, चर्चमधल्या मोझेकचा फोटो पाठवला होतास ना, पाचव्या शतकातला, टोपली आणि दोन बाजूंना दोन मासे? तो दाखव आणि टोपलीतल्या भाकरी मोजायला लाव. चारच आहेत. पाचवी कुठे गेली म्हणून वर्ग डोक्यावर घेतील. तिथले लोक सांगतात, पाचवी वेदीवर असते. हे तू लगेच सांगू नकोस, आठवडाभर डोकं खाजवू दे.

जेवणानंतर उरलेल्या तुकड्यांनी भरलेल्या बारा पाट्यांचं मला नेहमी हसू येतं. बारा शिष्य, बारा पाट्या. "यांना घरी पाठवा" म्हणणाऱ्यांच्याच डोक्यावर एकेक भरलेली पाटी.

हे लिहिताना आपली आळी आठवली. तुझी आई कालवणाची वाटी देऊन तुला आमच्याकडे पिटाळायची, आणि माझी आई ती कधी रिकामी परत देत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर, एकदा तर नुसत्या चार मिरच्या. आपल्याला कुणी बसवून शिकवलं नाही. वाटी नेता-आणताना मधल्या मधे आपण दोघं त्यातलं चाखायचो, ते वेगळं.

बाकी किरकोळ. जवाचं पीठ पुण्यात गिरणीत मिळेल, भाकरी थापायला त्रास देते, कडा फुटतात, थोडी कणीक घाल. खरे सुके बोंबील वर्गात नेऊ नकोस. मी नेले होते, हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता, त्यावर जास्त लिहीत नाही. चॉकलेट न्यायचं झालं तर स्वतःच्या पैशाचं ने.

वहिनींना सांग, त्यांचा लाडवांचा डबा माझ्याकडेच आहे, हरवलेला नाही. रिकामा कसा पाठवू? पाऊस उघडला, ऊन पडलं की राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घालतो आणि भरून घेऊन येतो.

तुझाच,
एकाच बाकावरचा