ओत्रांतोहून नंदूला

ओत्रांतो, दक्षिण इटली
जूनअखेर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

काकूंचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्या वॉकर धरून पडवीपर्यंत येतात, हा तुझा मेसेज वाचून आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना नमस्कार सांग. त्यांना सोडून तू येणं शक्यच नव्हतं. पण एक दिवस असा गेला नाही की कुणी तुझं नाव काढलं नाही. काल शिरीष पाण्यातून बाहेर येता येताच म्हणाला, "हे नंद्याला दाखवायला पाहिजे होतं." म्हणून फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा निवांत बसून लिहितोय. भर दुपार आहे. या वेळेला इथे 'कोन्त्रोरा' म्हणतात. दुकानं बंद, खिडक्यांची लाकडी दारं लोटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वैशाली, शिरीष, अविनाश तिघेही गाढ झोपलेत.

समुद्राबद्दल आधी सांगतो, कारण तू तेच आधी विचारशील. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, जेमतेम वीतभर पाणी वरखाली होतं. त्यामुळे पुळणीवर छत्र्या पाण्याच्या अगदी कडेला रोवतात आणि त्या सगळा हंगाम तिथेच राहतात. खारटपणा आपल्यापेक्षा जास्त, लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम मीठ. डोळे चुरचुरतात, पण अंग आपसूक वर राहतं. वैशालीला कॉलेजात आपण पोहायला शिकवू शकलो नव्हतो, आठवतं? ती इथे पहिल्यांदा पाठीवर निवांत तरंगली आणि बराच वेळ बाहेर यायलाच तयार नव्हती. किनाऱ्यावर येऊन ती रडली, नंदू. आनंदाने.

आणि पाण्याचा तळ दिसतो. दोन पुरुष खोल पाण्यातही खालचे दगड मोजता येतात. मला वाटायचं की हे फोटोतलंच असतं. कारण कळलं तेव्हा पटलं. सालेन्तो, म्हणजे इटलीच्या बुटाची ही टाच, सगळी चुनखडीची आहे. पाऊस पडला की पाणी दगडातून खाली मुरतं. सांगण्यासारखी नदीच नाही, मग समुद्रात गाळ येणार कुठून? आपल्याकडे प्रत्येक खाडी सह्याद्रीची माती घेऊन येते. इथल्या लोकांना या निळ्या पाण्याची किंमतही तशीच मोजावी लागली आहे. प्यायचं पाणी डोंगरापलीकडच्या सेले नदीवरून, १९०६ साली बांधायला घेतलेल्या जलवाहिनीतून येतं. ती थेट जमिनीच्या टोकाला, लेउकाला जाऊन संपते.

आता वाऱ्याचं. हे तुला सगळ्यात आवडलं असतं. टाचेच्या पूर्वेला एड्रियाटिक, पश्चिमेला आयोनियन, आणि मधली पट्टी इतकी अरुंद की गाडीने तासाभरात एका समुद्रावरून दुसऱ्या समुद्रावर जाता येतं. त्यामुळे सकाळी इथे पहिला प्रश्न 'आज वारा कुठला?' हा असतो. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. सकाळी कॉफीचा कप घेऊन गच्चीवर येतात, मान जरा वळवतात आणि आम्हाला सांगतात. त्रामोन्ताना असला, म्हणजे उत्तरेचा कोरडा वारा, की एड्रियाटिक खवळतो. मग आयोनियनला जायचं, तिकडे पाणी संथ मिळतं. शिरोक्को असला, म्हणजे आफ्रिकेकडून येणारा दमट आग्नेय वारा, की उलट. त्या दिवशी इथेच ओत्रांतोच्या उत्तरेला, आलिमीनीच्या तळ्यांच्या बाजूला. बाई एकदाही चुकल्या नाहीत. मला सारखे तुझे आबा आठवत होते, अंगणात उभं राहून मतलई पडला का खारा वारा सुटला ते सांगणारे. तुझं आणि बाईंचं जमलं असतं. मी तुरीनमध्ये राहून शिकलेलं इटालियन मध्ये घालून तुमच्या तासन्‌तास गप्पा लावून दिल्या असत्या.

त्रामोन्ताना सुटला की हवा इतकी स्वच्छ होते की ओत्रांतोहून समुद्रापलीकडे अल्बानियाचे डोंगर दिसतात. मधलं अंतर फक्त ७० किलोमीटरच्या आसपास.

एका त्रामोन्तानाच्या दिवशी आम्ही नार्दोजवळच्या पोर्तो सेल्वाज्जोला गेलो. गाडी वर लावून पाइनच्या झाडीतून उतरत जावं लागतं. खाली वाळू नाही, गोटे आणि कातळ. पोहताना मध्येच पायाला बर्फासारखं थंड पाणी लागतं, कारण जमिनीखालचं गोडं पाणी तिथे समुद्रात झिरपतं. एकही हॉटेल नाही, बंगला नाही, छत्र्यांची भाड्याची रांग नाही. हे आपोआप राहिलेलं नाही. या किनाऱ्यावर बांधकामं व्हायला नकोत म्हणून रेनाता फोन्ते नावाची नार्दोची नगरसेविका भांडत होती. ३१ मार्च १९८४ च्या रात्री सभेहून घरी परतताना तिला गोळ्या घालून मारलं. वय ३३. दोन लहान मुली होत्या तिला. हे कळल्यावर आम्ही पाण्यात पुन्हा उतरलो, पण कुणी फारसं बोलत नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी किनाऱ्यांची नावं माझ्या मनात येत होती. तू ग्रामसभेत खाडीकाठच्या त्या प्लॉटबद्दल उठून बोललास तेव्हा तुला गावात काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही आठवलं. मी तेव्हा तुला फोन केला होता, पण तुझ्या बाजूने उभं राहणं किती मोठं होतं हे आत्ता जास्त कळतंय.

खाण्याचं थोडक्यात. सातूची दोनदा भाजलेली फ्रिझेल्ला नावाची कडक पावाची चकती असते. ती पाण्यात बुडवून काढायची, वर टोमॅटो चोळायचा, तेल, मीठ, ओरेगॅनो. रोज दुपारी तेच, आणि कंटाळा आला नाही. अविनाशला मासे चालत नाहीत, त्याचं सुक्या बाकल्याच्या घोट्यावर आणि कडसर चिकोरीच्या भाजीवर उत्तम चाललंय. मातीच्या भांड्यात शिजवलेला ऑक्टोपस मात्र आम्ही बाकीच्यांनी सोडला नाही. दुपारी बर्फावर कडक कॉफी आणि बदामाचं गोड दूध, तेही तुला पाजायचं आहे.

आता ज्यासाठी मुख्य लिहायला बसलो ते. किनाऱ्यावरून गावात येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा लागतात, आणि त्या मेलेल्या आहेत. एखाददुसरं झाड नाही. किलोमीटरच्या किलोमीटर करड्या, पानं नसलेल्या फांद्या. काहींचे बुंधे चौघांच्या कवेत न मावणारे, शेकडो वर्षांचे. २०१३ मध्ये गाल्लीपोलीजवळ झायलेला नावाचा जिवाणू सापडला. बहुधा मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांतून तो इथे पोचला. झाडात मुळापासून वर पाणी नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात त्या तो बुजवतो आणि झाड उभ्याउभ्या तहानेने मरतं. पसरवतो कोण, तर एक रस शोषणारा किडा, तुझ्या तुडतुड्यांच्याच जातकुळीतला. त्याची पिल्लं वसंतात गवतावर थुंकीसारखा फेस करून त्यात राहतात. म्हणून तेव्हाच बागेतलं गवत नांगरून काढायचं, हा इथला मुख्य उपाय. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. अशी लाखो झाडं गेली.

बाईंची बागही गेली. त्यांच्या सासऱ्यांच्या सासऱ्यांनी राखलेली. त्या आम्हाला तिथे घेऊन गेल्या, बुंध्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मला तू आठवलास. मोहोर करपला त्या वर्षी तू असाच कलमाला हात लावून उभा होतास. मग त्यांनी कोपऱ्यातली चार झाडं दाखवली. लेच्चीनो नावाची ऑलिव्हची जात या रोगाला बरीच तग धरते. तिची कलमं जुन्या बुंध्यांवर बांधून बघतायत. दोन धरलीत, हिरवा फुटवा आलाय. मी त्यांना म्हटलं, माझा मित्र देवगडला हापूसची कलमं बांधतो. त्यांनी ताबडतोब विचारलं, जुन्या खोडावर कशी बांधतो, कुठल्या महिन्यात, काप कसा घेतो? मला उत्तर देता आलं नाही. तू मला हे सगळं व्हॉइस मेसेजवर नीट सांग, मी त्यांना इटालियनमध्ये लिहून देईन. त्या खरंच वाट बघतायत.

ओत्रांतोच्या कॅथेड्रलची फरशी बघून ये असंही त्यांनीच सांगितलं. पान्तालेओने नावाच्या साधूने ११६३ ते ११६५ मध्ये घडवलेलं मोझॅक, सबंध जमिनीवर एक मोठं झाड पसरलेलं, आणि त्या झाडाचा भार दोन हत्तींच्या पाठीवर! वैशाली किती वेळ त्या हत्तींपाशी बसून होती. आणखी एक, काकांना सांगायला विसरू नकोस, त्यांना आवडेल. आम्ही विमानाने ब्रिंदिसीला उतरलो. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईची डाक रेल्वेने तिथे यायची आणि पुढे बोटीने सुएझमार्गे मुंबईला. गोलमेज परिषदेनंतर गांधीजीही १४ डिसेंबर १९३१ ला तिथूनच बोटीवर चढले आणि २८ तारखेला मुंबईत उतरले.

अविनाशबद्दल तुला काळजी होती, म्हणून सांगतो. परवा रात्री जेवण झाल्यावर कातळावर पाय सोडून बसलो होतो. तो आपणहून त्याच्या बाबांबद्दल बोलायला लागला. शेवटचे दिवस, हॉस्पिटल, भावाशी झालेलं भांडण, सगळं. आम्ही फक्त ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने भावाला फोन केला. तूही त्याला एकदा फोन कर, या विषयावर नाही, असाच.

तुझ्याकडे आता होड्या शाकारून वर ओढलेल्या असतील, पावसाने समुद्र बंद. म्हणूनच पुढच्या वर्षी जूनमध्येच यायचं असं आम्ही ठरवलंय. आंबा संपलेला असतो, गणपतीत तू गाव सोडणार नाहीस, आणि ऑगस्टमध्ये इथे सगळी इटली किनाऱ्यावर येते. घर हेच, बाईंनी शब्द दिलाय. तोपर्यंत काकू मस्त हिंडायला लागतील, आणि सुनीतावहिनींनाही आणायचंच. खताचं काम महिनाअखेर करता येईल का ते बघ. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, कागद मी पाठवतो. तुझ्या पासपोर्टची मुदत मात्र आजच बघ आणि मला कळव.

आबांना आणि काका-काकूंना नमस्कार, चिंगीला खूप पापे.

तुझाच,
विनू