रहस्यकथेचा शेवट परीक्षणात कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ब्रिटिश लेखिका पी. डी. जेम्स यांच्या सहा कथांच्या संग्रहाचे परीक्षण वाचले. रहस्यकथांना मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला आणि तो तिसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे परीक्षकांनी एका कथेचा शेवट सरळ सांगून टाकला. पुढच्या परिच्छेदात दुसऱ्या कथेचा. चित्रपटाच्या बाबतीत हे झाले असते तर लोकांनी फोन करकरून तुम्हाला भंडावून सोडले असते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ‘साहित्यचर्चा’ म्हटले की सगळे खपते.

या दोनांतली पहिली कथा आहे ग्रंथालयात काम करणाऱ्या एका साध्यासुध्या माणसाची. त्याची देखणी बायको एका श्रीमंत माणसासाठी त्याला सोडून जाते आणि हा गृहस्थ थंड डोक्याने त्या माणसाच्या खुनाची तयारी करू लागतो. एवढे मी इथे बिनधास्त लिहितो आहे, कारण हे सगळे तो स्वतःच आपल्याला सांगतो. खून कोणाचा, कोणी केला, कशासाठी केला, यातले काहीच लपवलेले नाही. मग राहिले काय? तेच तर वाचायचे असते! जेम्सबाईंनी सगळे पत्ते उघडे टाकून एकच हातात धरला होता. तो परीक्षकांनी खेचून घेतला आणि पुणेकरांना दाखवला.

कादंबरीचा शेवट सांगितला तर एक वेळ चालते. जेम्सबाईंनी आधी रुग्णालयाच्या प्रशासनात आणि नंतर ब्रिटनच्या गृहखात्यात बरीच वर्षे नोकरी केली. पहिली कादंबरी आली १९६२ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. त्यामुळे कचेरीतले हेवेदावे, वरिष्ठांचे टोमणे, पोलिसांची कागदपत्रे, हे सगळे त्यांच्या कादंबऱ्यांत ठासून भरलेले असते. त्यांचा तपास अधिकारी डालग्लिश तर कवीही आहे. खुनी ठाऊक असूनही या कादंबऱ्या पुन्हा वाचाव्याशा वाटतात. पण थोडक्या पानांच्या कथेत एवढी ऐसपैस जागा कुठली? तिथे पहिल्या पानावर सहज आलेला एखादा शब्द शेवटच्या पानावर अंगावर येतो. तो सहज वाटला पाहिजे, ही तर अट आहे. शेवट आधीच कळलेला वाचक त्या शब्दापाशी थबकतो आणि कथेची सगळी मेहनत वाया जाते. २०१४ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी बाई गेल्या आणि त्यानंतर २०१७ मध्ये हा संग्रह निघाला. म्हणजे तक्रार करायलाही त्या नाहीत.

परीक्षकांचा आणखी एक शेरा मला खटकला. या कथा ‘रहस्यकथा असूनही’ वाचनीय आहेत म्हणे. हा ‘असूनही’ आपल्याकडे फार जुना आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांची पुस्तके वाचनालयांत हातोहात फिरून खिळखिळी झाली, पण समीक्षकांनी त्यांना दारातच उभे ठेवले. भयकथा लिहिणारे नारायण धारप आणि रहस्यकथा लिहिणारे सुहास शिरवळकर हे तर पुण्याचेच. त्यांची पुस्तके चोरून वाचणारे पुढे प्राध्यापक झाले आणि वर्गात त्यांचे नाव घ्यायला लाजू लागले. ज्या लेखनात कारागिरी आहे असे मुळातच वाटत नाही, त्याचा शेवट सांगून टाकताना कुणाचा हात कशाला अडखळेल?

‘खुनाचे मनोरंजन’ हा परीक्षकांचा शब्दप्रयोगही जाता जाता नोंदवतो. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या, म्हणजे घरांत घुसून केलेल्या खुनांच्या मालिकेच्या वेळी जे पुण्यात होते, त्यांना खून म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. दिवेलागणीला दारांना कड्या लागत आणि आवाज ओळखीचा वाटला तरी नाव विचारले जाई. आमच्या घरात त्या दिवसांतही रहस्यकथा वाचल्या जात होत्या. कथेत निदान काहीतरी उलगडते. बाहेर काय चालले आहे ते कोणालाच कळत नव्हते.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९५२ मध्ये लंडनला सुरू झालेल्या एका नाटकात, शेवट बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना प्रयोग संपताना केली जाते. आपल्या परीक्षकांकडून इतक्या संयमाची अपेक्षा नाही. निदान ‘पुढील मजकुरात कथेचा शेवट आहे’ अशी एक ओळ ठळक टाइपात वर छापावी. जागेची अडचण असेल तर लेखकाच्या फोटोतून थोडी काढता येईल. परीक्षकांचा म्हणतोय, जेम्सबाईंचा नव्हे.

उरलेल्या चार कथांवरचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. माझ्या त्या वाचायच्या आहेत. तारीख बदलणार असेल तर कृपया आधी कळवावे, म्हणजे त्या दिवशी पेपर टाकू नकोस असे पेपरवाल्याला सांगून ठेवता येईल.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०