मंत्रिमहोदय, कोड हा नटण्यामुरडण्याचा विषय नाही

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

२५ जूनला, जागतिक व्हिटिलिगो (म्हणजे कोड) दिनाच्या कार्यक्रमात, आमच्या रुग्णालयातल्या कोडावर प्रकाशाचा उपचार देणाऱ्या फोटोथेरपी यंत्राच्या ट्यूबा पंधरा दिवसांत बदलून देतो, असं सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. यंत्र आजही बंद आहे. गेल्या आठवड्यात फाइल परत आली. तिच्यावर शेरा असा, की हा सौंदर्योपचार असल्यामुळे खर्चाला प्राधान्य देता येत नाही. हे पत्र त्या शेऱ्यासाठी आहे.

कोडात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. त्याच मुळातून कोणाला थायरॉइडचा विकार जडतो, कोणाला चाई पडते. म्हणून कोडाच्या पेशंटची थायरॉइडची टीएसएच तपासणी करायची असते. यात सौंदर्य कुठे आलं?

ओपीडीत कोण येतं ते पाहा. निम्म्याच्या आसपास लोकांना पहिला डाग विशीच्या आत उठलेला असतो. बायकांची संख्या जास्त दिसते, पण आजार स्त्री-पुरुष दोघांना सारखाच होतो. मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात, म्हणून तिला दवाखान्यात आणलं जातं. बहुतेकांचे डाग दोन्ही बाजूंना जोडीने असतात: बोटं, गुडघे, घोटे, डोळ्यांभोवती, ओठांवर. थोड्यांना, विशेषतः मुलांना, शरीराच्या एकाच बाजूला पट्टा उठतो आणि तो मध्यरेषेपाशी थांबतो. हा प्रकार काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं झपाट्याने पसरतो आणि मग बहुधा स्थिरावतो. पण त्यात डागावरचे केस लवकर पांढरे होतात. इथेच वेळेचा प्रश्न येतो. रंग परततो तो मुख्यतः केसांच्या मुळातून, आधी बारीक तपकिरी ठिपक्यांनी. केस पांढरा झाला की तिथला रंगपेशींचा साठा संपला. मग मलम आणि प्रकाश यांचा फारसा उपयोग होत नाही, त्वचारोपणाकडे वळावं लागतं. चेहरा चांगला भरतो आणि बिनकेसांची बोटांची टोकं हट्टी राहतात, त्याचं कारणही हेच.

डागाच्या कडेला कागदाच्या कपच्यांसारखे बारीक ठिपके विखुरलेले दिसले, किंवा परकराच्या नाडीखाली, चपलेच्या पट्ट्याखाली नवा पांढरा पट्टा उठला, तर आजार जागा आहे असं समजायचं. अशा पेशंटला महिनाभर थांबा म्हणणं म्हणजे पसरू देणं. (टिकलीच्या जागी गोल पांढरा डाग दिसला तर आधी टिकली बंद करायची. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल असतं, ते रंगपेशी मारतं.)

आता यंत्राबद्दल. ३११ नॅनोमीटरचा नॅरोबँड (अरुंद पट्ट्यातला) अतिनील प्रकाश आठवड्यातून दोन किंवा तीनदा द्यायचा, लागोपाठच्या दिवशी नाही. सुरुवात दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० मिलिज्यूलपासून, मग दर खेपेला १० ते २० टक्के वाढ, हलकी गुलाबी छटा येईपर्यंत. ४८ खेपा होण्याआधी उपयोग नाही असं म्हणायचं नसतं. आणि खंड पडला की हिशोब मागे जातो: आठ ते चौदा दिवस चुकले तर डोस पाव कमी, पंधरा ते एकवीस दिवस चुकले तर निम्मा, तीन आठवड्यांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून. यंत्र तीन आठवड्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ बंद आहे. रोज बुडवून, एसटीने आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाने चढवलेला सगळा डोस तुमच्या एका शेऱ्याने शून्यावर आला आहे.

मग तो माणूस कुठे जातो? भिंतीवर रंगवलेल्या नंबरवर फोन करतो. बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसतो. अंगावर फोड येतात आणि भाजलेल्या जागी नवा डाग उठतो. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत कोडाचं नाव आहे, म्हणजे बरं करण्याची जाहिरात करणंच गुन्हा आहे. त्या भिंती तुमच्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांना रोज दिसतात. ज्या सरकारला भिंतीवरची जाहिरात पुसता येत नाही, त्याला यंत्राच्या फाइलवर सौंदर्योपचार लिहिण्याचा अधिकार कोणी दिला?

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. बंद यंत्रही मोफतच आहे. महात्मा फुले योजना मुख्यतः भरती होणाऱ्यांसाठी, आणि फोटोथेरपीला कोणी भरती होत नाही. त्यामुळे खेडोपाडीचा कोडाचा पेशंट कोणत्याच रकान्यात बसत नाही. वर त्याच्या कागदावर अजून ‘श्वेतकुष्ठ’ लिहिलं जातं. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि तिथली संवेदना कमी होते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, संवेदना शाबूत, संसर्ग अजिबात नाही. त्या एका शब्दापायी शाळेत मुलाला वेगळ्या बाकावर बसवतात. तो शब्द सरकारी कागदांतून काढून टाका.

ट्यूबा पाठवाल तेव्हा डोस मोजणारं मीटरही पाठवा. ट्यूबा जुन्या होत जातात तसा त्यांचा प्रकाश घटतो, आणि मग नव्या ट्यूबांवर जुनाच डोस दिला तर पेशंट भाजतो. सोबत संरक्षक चष्मे आणि ०.०३ व ०.१ टक्के टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, मलम हवं. मुलांना आणि चेहऱ्याला तेच लागतं. स्टेरॉइडच्या मलमावर मुलाचा चेहरा महिनोन् महिने ठेवता येत नाही.

आणि तोपर्यंत, दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला यंत्राच्या खोलीबाहेर येऊन बसणाऱ्यांना आम्ही काय सांगायचं, ते लेखी कळवा. आम्ही ते दारावर लावू.

आपले,
त्वचारोग ओपीडीतले डॉक्टर आणि परिचारिका