चार टायर बदलायच्या आधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर गाडीच्या आवाजाचा विषय निघाला, तर बाबा म्हणाले, "काही नाही गं, टायर जुने झालेत. मिस्त्री म्हणतोय चारही बदलून टाकू." मागून आईचा आवाज आला, "गिरणी चालू केल्यासारखं घरघरतंय, अन् उजवीकडं वळलं की जास्तच!" बाबा, टायरचे पैसे मोजायच्या आधी आईचं हे वाक्य मनावर घ्या. अर्धं निदान तिनंच केलंय.

गाडी उजवीकडं वळली की भार डाव्या चाकांवर येतो. घरघर तेव्हा वाढत असेल आणि डावीकडं वळताना कमी होत असेल, तर संशय डाव्या बाजूच्या बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागावर. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणं बदलतो. लातूरला जाताना सिमेंटवरून डांबरीवर गाडी उतरते तिथं कान द्या. आवाजाची जात बदलली तर टायर, तीच घरघर तशीच राहिली तर बहुतेक बेअरिंगच. बर्दापूरच्या पुढं रस्ता मोकळा असला, की अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. इंजिन शांत होऊनही घरघर राहिली तर ती चाकाकडचीच. (आणि कृपा करून रेडिओ बंद ठेवा. आवाज ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही तो मोठा करता, हे मला कळलंय.)

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकट आली तर ते दुखणं वेगळं, एक्सलच्या जॉइंटचं. तिथला रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटून ग्रीस उडालंय का, ते बघायला सांगा. ब्रेक दाबल्यावर चिरका आवाज आला तर ब्रेकचे पॅड. शेतातून आल्यावर नुसतं स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी रिमच्या आतली वाळलेली काळी माती धुऊन काढा, बाकीचं नंतर.

गॅरेजात चाक जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलवून बघायला लावा. पण खेळ नाही, म्हणजे चाक ढिलं हलत नाही, म्हणून बेअरिंग चांगलं, असं मिस्त्री म्हणाला तर ऐकू नका. एका हातानं चाक फिरवायचं, दुसरा हात चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग खराब असेल तर आत खडे फिरावेत तशी खरखर बोटांना लागते. शेजारच्या चांगल्या चाकाशी ताडून बघितलं की फरक लगेच कळतो. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. बाबा, तुम्ही जॅक लावून गाडीखाली वाकायचं नाही.

बदलायचं ठरलं तर नवं बेअरिंग प्रेसवर, म्हणजे दाबून बसवायच्या मशीनवर, बसवून घ्या. हातोड्यानं ठोकून बसवलेलं काही महिन्यांत पुन्हा घरघरायला लागतं. अंबाजोगाईत प्रेस मिळाला नाही तर तेवढं काम लातूरला करून आणू दे.

तोवर तुळजापूरचा बेत एसटीनं करा. आईला तसंही अर्धंच तिकीट आहे.

तुमची लेक