पाण्याखालच्या गुहेत शांतपणा मोजायचा तो लिटरमध्ये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तारकर्लीला स्कूबा करून आलेली नाशिकची तरुण मंडळी आता मेक्सिकोतल्या युकातानच्या पाण्याखालच्या गुहांची चौकशी करू लागली आहेत. आपली पांडवलेणी बेसाल्टमध्ये कोरलेली. तिकडच्या गुहा चुनखडीत पाण्यानेच झिजून झालेल्या आणि काठोकाठ भरलेल्या. डोक्यावर दगडाचे छत असते, त्यामुळे घाबरलात म्हणून सरळ वर येता येत नाही. स्कूबा प्रशिक्षणाचे पहिले कार्ड म्हणजे प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतच्या उघड्या पाण्याचे. गुहेत ते चालत नाही.

'शांत राहा' असे नुसते सांगून भागत नाही, म्हणून हिशोबच मांडतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला साधारण २४०० लिटर हवा मावते. (गुहेत दुहेरी सिलिंडर नेतात, इथे सोपे पडावे म्हणून एकच धरले.) पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला २० मीटरवर ६० लागते, कारण तिथे दाब तिप्पट. एक तृतीयांश हवा जायला, एक परतायला, एक राखीव. ज्याचा पहिला हिस्सा आधी संपेल त्याने इशारा करायचा आणि दोघांनी वळायचे. आता अगदी आतल्या टोकाला जोडीदाराची हवा गेली असे धरा. तुमच्याकडे उरली १६००, दोघांचा खर्च १२०. मिनिटे तेरा, आणि आत यायलाही तेराच लागलेली! भीतीने श्वास दुप्पट झाला की साडेसहाच उरतात. त्यात धापा टाकल्या की कार्बन डायऑक्साइड साचतो, मग हवा असूनही गुदमरल्यासारखे होते. म्हणून एक तृतीयांश ही कमाल मर्यादा समजावी. गाळ असेल तर आणखी आधी वळावे.

हवा संपलेल्याने टॉर्च भराभर आडवा हलवायचा. जोडीदाराने स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे तोंडातले साधन) द्यायचा, कारण तो चालू असल्याची खात्री असते, आणि स्वतः हनुवटीखाली लटकणारा दुसरा घ्यायचा. दिलेल्या रेग्युलेटरचा पाइप दोन मीटरचा हवा, तरच अरुंद जागेतून एकामागे एक निघता येते. हवा संपलेला पुढे, देणारा मागे.

गाळ उठून काही दिसेनासे झाले तर अंगठा आणि तर्जनीचे कडे बाहेरची वाट दाखवणाऱ्या दोरीभोवती करायचे, सोडायचे नाही. दुसऱ्या हाताने जोडीदाराचा दंड धरायचा: पुढे ढकलले तर चला, दाबले तर थांबा. दोरीच सुटली तर पाय मारू नका. आहात तिथे खडकाला छोट्या रिळाची दोरी बांधून मगच शोधा. जोडीदार दिसेनासा झाला तर दोरीला बाहेरची दिशा दाखवणारा बाण लावा आणि आपला टॉर्च छातीशी झाका; अंधारात जोडीदाराच्या टॉर्चचा उजेड दिसू शकतो. शोध फक्त राखीव हवेवर, परतीच्या हवेला हात लावायचा नाही.

गुहेचे प्रशिक्षण घ्यायचे ते तिथल्या प्रशिक्षकाकडेच. पण दोरीचा सराव नाशकातही होतो: मैदानात झाडाझाडांना दोरी बांधा, डोळ्यांवर पट्टी, जोडीदाराचा दंड हातात, तोंडातून एक शब्द नाही. दोघे न चुकता टोकाला येईपर्यंत तिकिटे काढू नयेत, एवढीच कळकळीची विनंती.

– एक स्कूबा प्रशिक्षक, नाशिक