पाटीवरचं चाक

आशाफेनबुर्ग, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गावाच्या वेशीवरच्या पाटीचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "हे गाव सुतारांचं का?" चाक गाडीचंच आहे, पण सुतारांशी त्याचा संबंध नाही. लाल जमिनीवर पांढरं, सहा आऱ्यांचं चाक हे माइन्झ शहराच्या आर्चबिशपांचं, म्हणजे तिथल्या मुख्य ख्रिस्ती धर्मगुरूंचं चिन्ह. ते राज्यही करत, आणि जर्मन सम्राट निवडायचा हक्क असलेल्या मोजक्या राज्यकर्त्यांपैकी ते एक. इकडच्या मुलखावर १८०३ पर्यंत त्यांचाच अंमल होता, म्हणून या भागातल्या कितीतरी गावांच्या मानचिन्हात हे चाक दिसतं. दूरच्या एरफुर्ट शहराचंही चिन्ह हेच, कारणही तेच.

इथे एक गोष्ट सांगतात. आर्चबिशप विलिगिस (९७५ ते १०११) गाडी बनवणाऱ्याचा मुलगा. सरदारांनी हिणवायला भिंतींवर चाकं काढली, तर यानं तेच चिन्ह मिरवलं! गोष्ट झकास, पण खरी नव्हे. ढालीवर अशी चिन्हं रंगवायची चाल पडली बाराव्या शतकात. तोवर विलिगिसला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

मात्र चाक दिसलं की माइन्झ, असंही धरू नका. धावेच्या बाहेर फळ्या निघालेल्या असतील तर ते पाणचक्कीचं. पाती लावलेलं किंवा मोडकं असेल तर संत कॅथरीनचं, म्हणजे गावचं चर्च बहुधा तिच्या नावाचं. म्हणून आधी धाव बघायची, मग आरे मोजायचे, मग रंग.

दगडात कोरलेल्या चिन्हाला रंग नसतो, तिथे रेघा बघायच्या. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा चांदीची. छपाईत चांदी पांढरी होते आणि सोनं पिवळं. पण ही रेघांची रीत सतराव्या शतकातली. त्याआधीच्या दगडावर जमीन कोरी दिसली म्हणून ती चांदीची समजलात तर फसाल.

आणि उजवं-डावं आपल्या बाजूनं सांगायचं नाही, ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं सांगायचं. फोटोत डावीकडे दिसतं ते इथल्या वर्णनात उजवं. जुळवताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

सोबत चर्चच्या दारावरच्या दगडी ढालीचा फोटो आहे. चाकामागच्या उभ्या रेघा भिंगातून दिसतील.

आईला सा. न.

तुमची लेक